प्रेमकथेत शेवटचा होकार कुणाचा?

मे 2015 मध्ये मुंबईच्या 'मिड-डे'त एक स्थळाची जाहिरात छापून आली. पद्मा अय्यर यांनी ती आपल्या मुलासाठी, समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या हरीश अय्यरसाठी दिली होती आणि त्यात नवरा हवा असं स्पष्ट लिहिलं होतं. वय 25 ते 40, शाकाहारी, प्राण्यांची आवड असलेला, चांगल्या नोकरीतला. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास प्राधान्य. त्याआधी इतर वृत्तपत्रांनी ही जाहिरात नाकारली होती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 तेव्हा पुरतं लागू होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये त्याची धार काढली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये परत आणली. म्हणजे ही आई जे नातं जुळवू बघत होती, त्या नात्यातली जवळीक कायद्याच्या लेखी गुन्हा होती. तरीही तिने चारचौघींसारखी जाहिरात दिली.

जातीच्या त्या ओळीवरून टीका झाली आणि ती रास्तच होती. पण मला ती जाहिरात आजही महत्त्वाची वाटते. पुढच्या दहा वर्षांत हिंदी सिनेमाने समलिंगी प्रेमावर ज्या हलक्याफुलक्या प्रेमकथा काढल्या, त्यांचा सगळा आराखडा तिच्यात आधीच दिसतो. मायाळू पालक, स्थळ बघण्याची भाषा, सवर्ण घर, आणि ज्याचं लग्न आहे तो मात्र तृतीयपुरुषी सर्वनामात. जाहिरात कुटुंब देतं, तेव्हा तिथे हे चालून जातं. प्रेमकथेत ते चालू नये.

कुठल्याही रोमँटिक कॉमेडीत प्रेक्षक एका प्रश्नाला धरून बसलेला असतो: या दोघांना कधी कळणार? भेट होते, खटका उडतो, गैरसमज होतो, एक जण चुकीच्या माणसाशी लग्न ठरवून बसतो, मग धावपळ आणि शेवटी कबुली. घरचे असतातच, पण ते अडथळ्यांपैकी एक अडथळा. आपल्याकडच्या समलिंगी प्रेमकथांमध्ये हा प्रश्न बदलून जातो. 'शुभ मंगल ज्यादा सावधान' (2020) सुरू होतो तेव्हा कार्तिक आणि अमन आधीच एकमेकांचे आहेत, दिल्लीत एकत्र राहतात. ते कसे भेटले, आधी कोण बोललं, कोण घाबरलं, यात चित्रपटाला फारसा रस नाही. घरच्या लग्नाला निघालेल्या गाडीत बापाला ते चुंबन घेताना दिसतात आणि तिथून चित्रपट बापाचा होतो. 'एक लडकी को देखा तो ऐसा लगा' (2019) मध्ये तर पंजाबमधल्या मोगा शहरातली स्वीटी जिच्यावर प्रेम करते ती कुहू पडद्यावर जेमतेम दिसते. स्वीटीच्या वडिलांचं मन वळवायला एक नाटककार तरुण येतो, नाटक बसवतो, आणि कथेची सूत्रं त्याच्या हातात जातात. ही कथा गझल धालीवाल या ट्रान्स लेखिकेच्या हातची आहे. स्वीटीच्या शाळकरी वयातला एकटेपणा त्यात फार खरा उतरलाय. पण प्रेमाचा प्रसंग म्हणून लक्षात काय राहतं, तर बापलेकीची मिठी.

माझं म्हणणं एवढंच आहे. या चित्रपटांनी प्रेम करणाऱ्या दोघांना अर्जदार केलं आणि घरच्यांना न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं. होकार मिळाला की चित्रपट संपतो. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर येतो, पण त्याने दोन माणसांना प्रेमात पडताना पाहिलेलंच नसतं. एका बापाला विरघळताना पाहिलेलं असतं.

यावर उत्तर ठरलेलं आहे: आपला समाज असाच आहे, इथे लग्न दोघांचं नसतं, घराचं असतं, मग सिनेमाही घरातूनच जाणार. हे उत्तर मी झटकून टाकत नाही. समलिंगी मुलामुलींशी बोलताना पहिला प्रश्न हाच येतो, 'घरी सांगितलंस का?' पुण्यात, नागपुरात, लातुरात कुठेही. ज्यांनी सांगितलं नाही त्यांच्या डोक्यावर ते ओझं रात्रंदिवस असतं आणि ज्यांनी सांगितलं त्यांच्यातल्या कित्येकांचं घर तुटलेलं असतं. चेतन दातारांनी 'एक माधवबाग' हे नाटक लिहिलं ते आईच्या तोंडून. मुलाची डायरी तिच्या हाती लागते आणि तिचं जगच हलतं. मुंबईत 2017 पासून 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे. तिथे आया-बाप एकमेकांना धीर देतात. आईवडिलांच्या मनात काय चालतं हे दाखवणं गरजेचं आहे, त्याने खरोखर फरक पडतो, आणि हे चित्रपट आईवडिलांसोबत बसून बघता आले हे त्यांचं मोठंच काम आहे. कुटुंबाला कथेत जागा असावी, यावर माझं काही म्हणणं नाही. शेवटचा शब्द दर वेळी त्यालाच का, एवढंच मला विचारायचं आहे.

कारण शेवटचा शब्द बापाला दिला की होकाराला अटी चिकटतात. आंग ली यांचा 'द वेडिंग बँक्वेट' (1993) बघताना हे लख्ख दिसतं. न्यूयॉर्कमधला तैवानी मुलगा आपल्या अमेरिकन जोडीदारासोबत राहतो, आईवडिलांच्या समाधानासाठी एका चिनी मुलीशी खोटं लग्न करतो, आणि आईवडील विमानाने येऊन थडकतात. पुढे कळतं की म्हाताऱ्या वडिलांना इंग्रजी समजत होतं आणि सगळंच ठाऊक होतं. शुभप्रसंगी देतात ते लाल पाकीट ते मुलाच्या जोडीदाराच्या हातात गुपचूप ठेवतात. किती सुंदर प्रसंग आहे तो! आणि तेच वडील हेही सांगतात की या खोट्यात सामील झालो नसतो तर नातवंड कसं मिळालं असतं? माया खरी आणि हिशेबही खरा. आंग ली यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं, प्रेक्षकाला सोपी सुटका दिली नाही. याच कथेची नवी आवृत्ती 2025 मध्ये आली. तिच्यातली एक आई तर समलिंगींची जाहीर पाठराखण करण्यात इतकी पुढे आहे की मुलीला तिचा त्रास होतो. बत्तीस वर्षांत तिकडे आईचा नकार मागे पडून आईचा अतिउत्साह विनोदाचा विषय झाला.

तिकडेही हे एका रात्रीत झालं नाही. 'लव्ह, सायमन' (2018) आणि 'हॅपिएस्ट सीझन' (2020) या दोन्ही कथा घरी सांगण्याच्याच आहेत. मग 2022 मध्ये 'फायर आयलंड' आला. त्याने 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची जुनी गोष्ट घेतली आणि समलिंगी मित्रांच्या सुट्टीत नेऊन ठेवली. तिथे कुणी कुणाला घरी काही सांगत नाही. पैसा, वर्ण, रूप, अहंकार, यांवरून माणसं एकमेकांना दुखावतात आणि जवळ येतात. प्रश्न पुन्हा दोघांच्या मध्ये आला.

आपल्याकडे या वळणाच्या सर्वांत जवळ गेलेला चित्रपट म्हणजे 'बधाई दो' (2022). देहरादूनचा पोलीस अधिकारी शार्दूल आणि शाळेत पी.टी. शिकवणारी सुमी, दोघांच्याही मागे लग्नाचा लकडा. तो पुरुषांवर प्रेम करणारा, ती स्त्रियांवर. दोघं तडजोडीचं लग्न करतात आणि एका छताखाली राहायला लागतात. मग सुमीला रिमझिम भेटते आणि इथे हर्षवर्धन कुलकर्णी घाई करत नाहीत. दोघींची ओळख, थट्टा, रुसवा, एकत्र संसार मांडण्याची धडपड, हे सगळं पडद्यावर घडतं. चित्रपटाची सुरुवातच डेटिंग अ‍ॅपवर बाई म्हणून बोलणाऱ्या आणि मग सुमीच्या मागे लागलेल्या पुरुषापासून होते. ज्यांना उघडपणे भेटता येत नाही त्यांना कुणीही असं कात्रीत पकडू शकतं, हे इतकं सहज सांगणारा दुसरा हिंदी चित्रपट मला आठवत नाही. शार्दूल घरच्यांसमोर बोलतो तो प्रसंगही भाषणाचा वाटत नाही, इतका तो मोडून पडतो.

आणि तरी या चित्रपटाच्या शेवटापाशी मी अडखळते. सुमी आणि शार्दूल मूल दत्तक घेतात. बाळाच्या पूजेला दोघांचे जोडीदारही येऊन बसतात. घर हसतं, आपण हसतो. पण कागदावर बघा. आपल्या दत्तक नियमांनुसार जोडप्याला मूल दत्तक घ्यायचं तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. म्हणून ते मूल सुमी आणि शार्दूल या नवरा-बायकोचं. रिमझिम त्याला अंघोळ घालेल, रात्री जागेल, शाळेत सोडेल आणि कायद्याने त्याची कुणीही नसेल. उद्या सुमीला काही झालं तर शार्दूल चांगला माणूस आहे एवढ्याच भरवशावर तिचं आईपण टिकेल. चित्रपट निघाला त्यानंतर वीस महिन्यांनी, 17 ऑक्टोबर 2023 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाहाला मान्यता देणं आपल्या हातात नसल्याचं एकमताने सांगितलं आणि दत्तकाच्या प्रश्नावर तीन विरुद्ध दोन असा निकाल समलिंगी जोडप्यांच्या विरोधात गेला. पूजेत चौघं बसले, कागदावर दोघंच राहिले. घरच्यांचा होकार हाच शेवट मानला की हा कागद कॅमेऱ्यात येतच नाही.

'शुभ मंगल ज्यादा सावधान'मध्ये कायदा येतो, पण सुटका करणाऱ्या देवासारखा. समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 6 सप्टेंबर 2018 चा निकाल ऐन मोक्याला लागतो. कथा अलाहाबादची. त्या शहराचं नाव आलं की मला एका मराठी माणसाची आठवण होते. डॉ. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, मराठीत कविता लिहायचे. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यांच्या घरात माणसं कॅमेरा घेऊन घुसली. विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं, राहतं घर सोडायला सांगितलं. दिल्लीचा 2009 चा निकाल तेव्हा लागू होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2010 रोजी त्यांच्या बाजूने आदेशही दिला. त्यानंतर आठवडाभरातच ते आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. कायदा बाजूने होता आणि तरी माणूस वाचला नाही. त्यांना बापाचा होकार मिळवायचा नव्हता. त्यांना दार लावून घेता येईल असं घर हवं होतं. साठी ओलांडलेल्या, एकट्या, भाड्याने राहणाऱ्या माणसाला आपल्या या प्रेमकथांत जागा कुठे आहे? नायक विशी-तिशीचे, आईबाप हयात, घर स्वतःचं, आडनाव त्रिपाठी किंवा ठाकूर. ज्यांना घराने कधीच बाहेर काढलं, ज्यांचं घर म्हणजे मित्रांनी किंवा गुरूने दिलेली खोली, त्यांना होकार देणारा बाप उरलेलाच नसतो.

घरात कोंडून ठेवणं हाही या चित्रपटांत विनोदाचा भाग होतो. अमनला घरी अडकवून मुलगी ठरवली जाते, त्याचे अंत्यसंस्कार करून 'नवा जन्म' दिला जातो, आणि थिएटरमध्ये हशा पिकतो. मे 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर अशीच एक तरुणी होती. घरच्यांनी तिला डांबून ठेवलं म्हणून तिच्या मैत्रिणीने हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असं सांगणारी, याचिका केली होती. न्यायालयाने तिला मोकळं केलं आणि सांगितलं की कुटुंब उभं करायला लग्न हाच एक मार्ग नाही, आपण निवडलेली माणसंही आपलं कुटुंब असू शकतात. त्याच न्यायालयात 2021 मध्ये मदुराईहून पळून आलेल्या दोन मुलींचं प्रकरण आलं, तेव्हा न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आपल्याला हा विषय नीट कळत नसल्याचं आदेशातच लिहिलं, आधी मानसशास्त्रज्ञाकडे बसून समजून घेतलं आणि मग निकाल दिला. स्वीकार कसा घडतो हे दाखवायचंच असेल तर मला हे उदाहरण कुठल्याही बापाच्या मिठीपेक्षा मोलाचं वाटतं. अधिकार हातात असलेल्या माणसाने होकार देण्याआधी शिकून घेतलं.

हसण्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण कॉमेडीचं सगळं बळ तिथे आहे. 'दोस्ताना' (2008) मध्ये दोन पुरुष घर भाड्याने मिळावं म्हणून जोडपं असल्याचं सोंग घेतात. एकाची आई आधी कोसळते आणि मग दुसऱ्याला सून मानून बांगड्या देते. सासूचा तो आशीर्वाद एका खोट्या जोडप्याला मिळाला. खरं जोडपं असतं तर तेवढंच हसू आलं असतं का, हे कुणी तपासलंच नाही. आपल्या 'अशी ही बनवाबनवी'ला (1988) मी या बाबतीत वरचं स्थान देते. पुण्यात खोली हवी, घरमालकीण फक्त लग्न झालेल्यांनाच जागा देणार, म्हणून दोघं साडी नेसतात. त्यात हसू येतं ते थाप टिकवताना उडणाऱ्या त्रेधेचं. बाईसारखं दिसणं हीच लाजिरवाणी गोष्ट, असं तो चित्रपट बहुतेक वेळा म्हणत नाही. त्यानंतर टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी मात्र तेवढंच उचललं: लचकत चालणारा पुरुष आला की हसायचं. शाळेत त्याच चालीवरून मार खाणारी मुलं घरी बसून ते बघतात, शेजारी आईबाप हसत असतात, आणि घरी सांगण्याचा दिवस आणखी लांबतो.

आणि घरमालकिणीची ती अट आजही तशीच आहे. फरक इतकाच की त्या काळात दोन मित्र जोडपं असल्याची थाप मारत होते आणि आज त्याच पुण्यात, मुंबईत खरी जोडपी आपण नुसते रूममेट असल्याची थाप मारतात. भाऊ म्हणवतात, मावसबहीण म्हणवतात. घरमालक आला की एक गादी दुसऱ्या खोलीत जाते. विनोदासाठी यात काय कमी आहे? शिवाय इथे हसू कुणावर येईल, तर अट घालणाऱ्यावर.

मराठीने मात्र एक गोष्ट करून दाखवली आहे. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' ही कॉमेडी नाही. वडील वारल्यावर आनंद दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी येतो आणि बालपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं कौतुक सगळ्यांनी केलं. त्यातल्या एका निवडीबद्दल मात्र पुरेसं बोललं गेलं नाही: आनंदच्या आईला आधीपासून माहीत आहे. चित्रपट सुरू होण्याआधीच तो प्रश्न मिटलाय. म्हणून चित्रपटाकडे वेळ उरतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात, सुतकाचे नियम पाळावे लागतात, आणि या सगळ्यातून वाट काढत दोघं जवळ येतात. आईचं प्रेम आहे, पण ती निकाल द्यायला बसलेली नाही. आणि ही आई शहरातली इंग्रजी बोलणारी बाई नाही. म्हणजे 'आपल्या प्रेक्षकाला आधी होकार शिकवावा लागेल' हा निर्मात्यांचा ठाम समज एका मराठी खेडेगावातल्या कथेने खोटा पाडला आहे.

आता हे विनोदात यायला हवं. कथानकं शोधायला लांब जायची गरज नाही. केंद्र सरकारने 2024 मध्ये स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडता येईल, एकमेकांना नॉमिनी करता येईल आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातलं धरावं. ते परिपत्रक घेऊन दोन बायका अकोल्याच्या पुरवठा कार्यालयात जातात, असं समजा. अर्जावर 'कुटुंबप्रमुखाशी नातं' असा रकाना. बाबूला परिपत्रक माहीत नाही, पण तो मनाने वाईट नाही. साहेब जेवायला गेलेत. मागे रांगेत उभी असलेली आजी दोघींपैकी कुटुंबप्रमुख कोण यावर आपलं मत देते. आणि दोघींची खरी भांडणं त्या रकान्यावरून सुरू होतात, कारण घर एकीच्या पगारावर चालतं आणि दुसरीला ते कधीपासून खुपतंय. हे भांडण कुणाही नवरा-बायकोच्या ओळखीचं आहे. त्यातच प्रेमकथा आहे.

किंवा दोन मुलगे घ्या. एक चिपळूणचा, एक अमरावतीचा, ठाण्यात राहतात. दोन्ही घरी माहीत आहे, आणि आता दोन्ही घरांना ते हवे आहेत. भाद्रपदात एकाकडे गणपती, दुसऱ्याकडे महालक्ष्म्या, सुट्ट्या मोजक्या, गाड्यांची तिकिटं दोन महिने आधी संपलेली. चिपळूणची आई म्हणते, गेल्या वर्षी तिकडेच गेला होतात. अमरावतीची म्हणते, महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरातलं माणूस नको का? दोघं एकमेकांशी चार दिवस बोलत नाहीत. हा चित्रपट मराठीत कुणी काढला तर मी दोन्ही आयांना घेऊन पहिल्या खेळाला जाईन.